माणूसफाटक

ता. ४ मार्च

चि. फूटपट्टीस,
अनेक आशीर्वाद (द्यायचे म्हणून देते आहे).

पाकीट बघून दचकू नकोस, घरी सगळे धड आहेत. फोन का नाही केला म्हणशील. फोनवर तू नुसतं हो हो करतोस, मागून कुणीतरी साहेब साहेब करत येतं आणि तू ठेवून देतोस. कागद असा मध्येच ठेवता येत नाही, म्हणून लिहिते आहे.

तुझी बाग झाली. उद्घाटन अठ्ठावीसला आहे, पण लोक आत्तापासूनच आत जायला लागलेत. चांगलं आहे ते आधी सांगते, नाहीतर म्हणशील ताईला काही दिसतच नाही. पंपघराजवळ वर्षानुवर्षं साचणारं पाणी आता साचत नाही. बाकांना पाठी आल्या. दिव्यांचा उजेड पायाखाली पडतो, डोळ्यांत नाही. पायवाट इतकी सपाट झाली आहे की शेजारच्या आजी काठी घरी ठेवून चालतात. इतक्या लांबच्या ऑफिसात बसून तू कागदावर हे सगळं बरोबर काढलंस, त्याचं खरंच कौतुक आहे.

आणि एवढं करून दाराशी माती खाल्लीस.

चारही दारांना तू अप्पांचं माणूसफाटक बसवलंस. पाइपाचा तोच अर्धगोल आणि मध्ये तीच झुलणारी चौकट. आत शिरायचं, चौकट मागे ढकलायची, पलीकडे निघायचं. अप्पा पालिकेच्या वर्कशॉपात फिटर होते तेव्हा याच बागेच्या दाराशी गुरं आणि मोटारसायकली अडवायला त्यांनी ते स्वतःच्या डोक्याने बनवलं होतं. माप घेतलं स्वतःच्या कमरेचं, हातात एक भरली पिशवी धरून. आईची टेप मी धरली होती. एकवीस इंच. तू तेच एकवीस इंच चकचकीत स्टीलमध्ये चार वेळा उतरवलंस आणि वर अप्पांच्या नावाची पाटी लावलीस.

अरे गाढवा, त्यातून अप्पांची खुर्ची जात नाही!

हो, खुर्ची. चाकांची. आठ महिने झाले. जिन्यावरून पडले तेव्हा खुबा मोडला, तो नीट जुळलाच नाही. हात शाबूत आहेत, जीभ तर फारच शाबूत आहे, पाय मात्र गेले. रोज पाचला मी शिलाईचं दुकान बंद करते आणि त्यांना ढकलत बागेपाशी नेते. त्यांचे जुने सोबती, पंपवाले काका आणि मुकादम, आत येऊन कुंपणाला चिकटून उभे राहतात. अप्पा बाहेर फुटपाथवर. आणि तिघं जण गजांमधून रमी खेळतात. बाक तू सिमेंटमध्ये पक्के केलेस, तेव्हा ते दोघे बिचारे उभ्याने खेळतात. काल वाऱ्याने अप्पांची बदामाची राणी रस्त्यावर गेली आणि बसखाली आली. अप्पा हसले. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

माळ्याच्या गाड्यासाठी एक मोठं दार आहे, त्याला कुलूप. किल्ली पालिकेत. रखवालदार म्हणतो की खुर्ची आत न्यायची असेल तर तीन दिवस आधी अर्ज द्या. बापाला संध्याकाळी बागेत नेण्यासाठी तीन दिवस आधी अर्ज!

मी गिऱ्हाइकाचं माप घेतल्याशिवाय कापडाला कात्री लावत नाही. तू कुणाचं माप घेतलंस? सर्व्हे करायला तुझा माणूस आमच्या घरापासून दोन गल्ल्यांवर आठवडाभर राहिला म्हणे. बाग बघायला माणूस पाठवलास, बापाला बघायला कुणाला पाठवलंस?

उत्तर लिही. लोभ आहेच, रागाखाली कुठेतरी सापडेल.

तुझी,
ताई


ता. ९ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र तीनदा वाचलं. पहिल्यांदा लाज वाटली, दुसऱ्यांदा रडू आलं आणि तिसऱ्यांदा राग आला. राग तुझ्यावर.

तुझं ऑगस्टमधलं पत्र आत्ता माझ्या टेबलावर आहे. अप्पांना मुका मार लागला, आता काठी टेकत कोपऱ्यापर्यंत जाऊन येतात, असं तू तुझ्या हाताने लिहिलं आहेस. मी मुद्दाम विचारलं होतं, ताई. त्याच आठवड्यात मी पायवाटेचा चढ ठरवत होतो आणि म्हटलं, अप्पांना दम लागणार नाही असा ठेवू. त्या काठीसाठी मी जागोजागी कठडा दिला. ती काठी खोटी होती तर मला का नाही सांगितलंस? आठ महिने मला अंधारात ठेवायचं आणि मग गाढव म्हणायचं, हा कुठला न्याय?

फाटकाचं मात्र मान्य करतो. पूर्वेचं दार मी आधी रुंद आणि मोकळंच काढलं होतं. बैठकीत पालिकेच्या लोकांनी आरडाओरडा केला की त्यातून मोटारसायकली घुसतील, पोरं शर्यती लावतील. सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी उठलो आणि फळ्यावर अप्पांचं फाटक काढून दाखवलं. ताई, सगळ्यांनी वाहवा केली. इतक्या वर्षांत त्या ऑफिसात मी पहिल्यांदा अप्पांचं नाव घेतलं. साहेब म्हणाले की मग चारही बाजूंना हेच बसवा, आणि मी लगेच पूर्वेचं दार खोडलं. एक दार रुंद हवं असा नियम आहे. त्यासाठी आम्ही गाड्याचं दार दाखवलं. कागदावर बाग सगळ्यांना खुली आहे. त्या दाराला कुलूप असणार हे मला माहीत नव्हतं असं नाही, मी त्याचा विचारच केला नाही. तुझी चप्पल पायातून काढून मला मारलीस तरी मी मान वर करणार नाही.

पण आता काम पुरं झाल्याचा शेरा पडला आहे. एक नट बदलायचा तरी दुरुस्तीचा प्रस्ताव, त्याची मंजुरी, मग पुढचा टप्पा. घाई केली तरी सहा महिने. मी प्रस्ताव आजच टाकतो. तोवर उद्घाटनाला अप्पांना चार माणसं लावून अलगद उचलून आत घेऊ, मी स्वतः एका बाजूला असेन. त्यांचा सत्कार आहे, शाल तयार आहे. त्यांना एवढं समजाव.

अप्पांना नमस्कार. तुझ्या रागातला थोडा तरी माझ्यासाठी राखून ठेव, सगळा एकदम संपवू नकोस.

तुझा,
फूटपट्टी


ता. १३ मार्च

चि. फूटपट्टीस,
अ. आ.

काठीचं आधी. ते पत्र अप्पांनी सांगितलं आणि मी लिहिलं. त्याला कळलं तर काम टाकून धावत येईल, म्हणाले. मी दोनदा नाही म्हटलं, तिसऱ्यांदा ते जेवेनात. मी लिहायला नको होतं. चुकले. पण तू एकदा तरी समोर येऊन उभा राहिला असतास तर खोटं लिहून भागलं नसतं, हेही तितकंच खरं.

आता तुझं. चार माणसं लावून अलगद उचलणार! तुला बाप कळलाय का रे? ज्या माणसाने नाकावर माशी बसू दिली नाही, त्याला सगळ्या गावासमोर, त्याच्याच नावाच्या पाटीखालून, कपाटासारखा उचलून न्यायचा? आणि टाळ्या वाजवायच्या? मी तुझं पत्र त्यांना वाचून दाखवताना ती ओळ गाळणार होते. पण ते माझ्या डोळ्यांकडे बघत होते. त्यांनी कागद हातातून घेतला आणि स्वतः वाचला. मग दोन दिवस बागेकडे चला म्हटलं तरी आले नाहीत. पत्त्यांचा जोड उशाखाली ठेवून भिंतीकडे तोंड करून पडले. पंपवाले काका घरी येऊन गेले, त्यांनाही डोकं दुखतंय सांगितलं. माणूस असा झिजताना मी एकदा पाहिला आहे, आईच्या वेळी. पुन्हा बघायची माझी तयारी नाही. सहा महिने म्हणे! सहा महिन्यांनी तुझं दार रुंद होईल आणि त्यातून जायला कोण उरेल?

मी स्वस्थ बसले नाही. गाड्याच्या दाराची किल्ली रोज पाचला मिळावी म्हणून अर्ज करायचा ठरवला. पोस्टासमोर टेबल टाकून बसतात त्या टायपिस्टबाईंकडे गेले. पांढरे केस, टेबलाला टेकवलेल्या दोन कुबड्या, बोटं अजून सुसाट. मी मजकूर सांगत गेले, त्या टाइप करत गेल्या. माणूसफाटकाचं नाव आलं तशी बोटं थांबली. मी कुणाची मुलगी ते विचारलं. सांगितलं. पुढचा सगळा अर्ज त्यांनी मान खाली घालून टाइप केला आणि कागद हातात न देता टेबलावर ठेवला. काय बिनसलं मला कळेना. घरी येऊन अप्पांना सांगितलं, तर भिंतीकडचं तोंड वळवून उठून बसले आणि मलाच म्हणाले की वही-पेन दे आणि खोलीबाहेर जा.

अर्जाचं उत्तर पालिकेच्या खिडकीवरच मिळालं. आपला अर्ज विचाराधीन आहे. छापील.

दोन दिवसांत अप्पांचं पत्र येईल तुला. त्यात काय आहे ते मला ठाऊक नाही, पाकीट चिकटवूनच देणार म्हणतात. नीट बसून वाच.

माया पातळ झालेली नाही, पण आज उकळी आहे, जपून हात घाल.

ताई


ता. १५ मार्च

चि. इंजिनियर यास,
अप्पांचा आशीर्वाद.

अक्षर मोठं आहे, वाचता येईल.

ताई तुला रागावते ते तिचं बरोबर आहे. पण तुझ्या फाटकात चूक नाही. तू माझ्या कामाची हुबेहूब नक्कल केलीस. जोड पाहिले मी, सुरेख आहेत. चूक माझ्या फाटकात होती. मला ती ठाऊक होती.

फाटक बसवलं त्या वर्षीची गोष्ट. पोस्टासमोरची टाइप करणारी बाई, तेव्हा तरुण होती, दुपारी डबा घेऊन बागेत यायची. दोन कुबड्यांवर. नवं फाटक लागल्यावर पहिल्याच दिवशी ती मध्ये अडकली. कुबड्या वळवायला जागाच नव्हती. मी तिथेच होतो, रंगाचा हात देत होतो. ती काकुळतीला येऊन म्हणाली की चार बोटं रुंद करा. मी म्हटलं की चार बोटं वाढवली तर मोटारसायकल घुसेल. ती म्हणाली की मी मोटारसायकल नाही. त्यावर मी तिला काय म्हणालो ते ऐक. मी म्हणालो की बाई, बागेत तुमचं काय अडलंय, टेबलापाशी बसून जेवा की. बरोबरचे लोक हसले. मीही हसलो.

ती पुन्हा आली नाही. तिने गेली तीस वर्षं त्या टेबलापाशी धुरात डबा खाल्ला. मी रोज सायकलवरून तिच्यासमोरून जायचो. एकदाही उतरलो नाही. मान्य केलं असतं तर माझं फाटक चुकलं असं झालं असतं. आणि लोक मला फाटकवाला म्हणून ओळखायचे. मूर्ख होतो. माजलो होतो.

आता आठ दिवस गजाबाहेर बसून पत्ते खेळलो तेव्हा कळलं. तुम्ही दोघं माझ्यासाठी भांडताय. तिच्यासाठी कुणी भांडलं नाही.

म्हणून ऐक. शाल नको. उचलणं नको. मंजुरी तुझी तुझ्यापाशी ठेव. माझं काम मी खोलणार. माझ्या हाताला अजून पकड आहे. मुकादमाकडून ग्राइंडर आणला, पण इथल्या दुकानात मिळते ती कापायची चकती साध्या लोखंडाची. तुझ्या स्टीलवर ती नुसती चरचरते आणि झिजते. तिकडे स्टेनलेसची पातळ चकती मिळते. पाच पाठव. अठ्ठावीसच्या आत.

नाही पाठवल्यास तर करवतीने कापीन. वेळ लागेल इतकंच.

तुझ्या नोकरीला घोर नको, मी तुझं नाव घेणार नाही. तब्येत सांभाळ. जेवणात हयगय करू नकोस.

अप्पा


ता. २९ मार्च

चि. फूटपट्टीस,
अ. आ.

तुझं पार्सल गुरुवारी पोचलं. पाच चकत्या, एक जाड चष्मा, चामड्याचे हातमोजे. चिठ्ठी नाही. अप्पांनी खोका उलटासुलटा करून पाहिला, मग मोजे घालून बोटं उघडझाप केली आणि मापाचे आहेत एवढंच म्हणाले.

काल सकाळी सातला आम्ही पूर्वेच्या दाराशी. पाहुणे दहाला यायचे होते. फाटकाला लाल फीत बांधलेली. अप्पांनी ती गाठ सोडून नीट घडी केली आणि रखवालदाराच्या हातात दिली, म्हणाले की ही तुमची, बाकीचं माझं. पंपवाले काकांनी पंपघरातून वायर आणून गजांमधून बाहेर दिली. रखवालदार शिट्टी फुंकत राहिला. मोटारसायकली घुसतील म्हणून ओरडला, तेव्हा अप्पांनी त्याला विचारलं की मग तुला इथे कशाला ठेवलाय, शोभेला? मुकादम इतके हसले की त्यांना खोकला लागला.

पहिली चकती फुटली. दुसरीने जमलं. आधी झुलणाऱ्या चौकटीच्या बिजागऱ्या, मग अर्धगोलाची डावी बाजू. ठिणग्या त्यांच्या शालीवर पडत होत्या, मी पाण्याची बाटली घेऊन उभी. काप सुतासारखा सरळ गेला रे. पाइप खाली पडला तेव्हा एवढा मोठा आवाज झाला की समोरच्या खिडक्या उघडल्या.

दार मोकळं झालं. मला वाटलं आता आत जातील. मी खुर्ची ढकलायला हात लावला तर रागावले. मला पोस्टाकडे पिटाळलं.

टायपिस्टबाई टेबल मांडत होत्या. मी सगळं सांगितलं. त्यांनी मशीनवरचं कापड काढलं, पुन्हा घातलं, पुन्हा काढलं. म्हणाल्या की आता त्यांना बागेचं काय करायचंय, पाय दुखतात, गिऱ्हाइकं येतील. मी उभीच राहिले. शेवटी डबा पिशवीत घातला, कुबड्या घेतल्या आणि निघाल्या.

अप्पांनी खुर्ची बाजूला घेतली होती. बाई आल्या तसे हात जोडले. काहीतरी बोलायला गेले, पण बाईंनी कुबडी किंचित वर करून थांबवलं. बाई दारातून सरळ आत गेल्या. सावकाश, कुठेही न टेकता. पंपघराजवळच्या बाकावर, अप्पांच्या पडण्याआधीच्या नेहमीच्या जागी बसल्या आणि सकाळचे साडेआठ वाजले असताना डबा उघडून जेवायला लागल्या. मागोमाग अप्पा गेले. त्या बाकापाशी थांबले तेव्हा बाई म्हणाल्या की ही जागा भरली आहे, दुसरीकडे बघा. आणि आपले अप्पा, ज्यांनी आईचंसुद्धा कधी ऐकलं नाही, ते हो म्हणाले आणि दुसऱ्या बाकाशी जाऊन बसले.

दहाला पाहुणे आले. कापलेलं फाटक बघून सगळ्यांची बोबडी वळली. भाषणं आटोपती घेतली, सत्कार झालाच नाही. अप्पा तोवर मुकादमाकडून दोन डाव जिंकले होते.

आणि आता तू. चकत्या पाठवल्यास आणि स्वतः आला नाहीस. व्यासपीठावर तुझी खुर्ची रिकामी होती. अप्पा दर पाच मिनिटांनी दाराकडे बघत होते. ते तुला कधीच सांगणार नाहीत, म्हणून मी सांगते. भ्यायलास ना? मला तुझा फार फार राग आला आहे.

तरीही तुझी,
ताई


ता. ५ एप्रिल

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

हो, भ्यायलो. तिकीट काढलं होतं. स्टेशनावर गेलो, बाकावर बसलो, गाडी गेली, घरी आलो. आपण तिथे उभे असताना फाटक कापलं गेलं तर साहेबांना काय सांगू, एवढाच विचार डोक्यात होता. अप्पा म्हणाले होते की तुझं नाव घेणार नाही. त्याचा मला आधार वाटला, आणि आधार वाटला याची आता शिसारी येते आहे.

काल तुमच्या पालिकेतून नुकसानीचा अहवाल माझ्याच टेबलावर आला, रचनाकाराच्या अभिप्रायासाठी. रखवालदाराने लिहिलंय की खुर्चीतला एक म्हातारा, नाव सांगत नाही, फाटक माझं आहे म्हणतो. खाली दोन रकाने मोकळे होते. नुकसान करणाऱ्याचं नाव आणि नुकसानीची तारीख.

नावाच्या रकान्यात मी माझं नाव लिहिलं. तारखेच्या रकान्यात, मागच्या सप्टेंबरात पूर्वेचं दार खोडून मी नकाशावर सही केली, ती तारीख. अभिप्राय म्हणून लिहिलं की अठ्ठावीस मार्चला झाली ती दुरुस्ती, आणि अजून तीन फाटकं बाकी आहेत. साहेबांनी वाचून मला आत बोलावलं. दार लावून बोलले, तरी सगळ्या मजल्याला ऐकू गेलं. मेमो येईल. येऊ दे.

दहा तारखेला सकाळच्या गाडीने मी येतो आहे. या वेळी गाडीत बसेन. अप्पांना म्हणावं, उरलेल्या फाटकांना एकट्याने हात लावायचा नाही. एका बाजूने मी धरतो.

त्याआधी एक काम कर. नवीन नकाशा मी तुझ्या मापाशिवाय काढणार नाही. आईची टेप घे आणि मोज.

रागाला तू आहेसच, मायेलाही राहा.

तुझा,
फूटपट्टी


ता. ७ एप्रिल

चि. फूटपट्टीस,
अ. आ.

मापं. अप्पांची खुर्ची सत्तावीस इंच. चाकावर हात आणि कोपरं बाहेर, तेहतीस. टायपिस्टबाई दोन्ही कुबड्यांवर, चालताना, छत्तीस. बाईंनी मोजू दिलं, पण अप्पांना तोंड फिरवून बसायला लावलं.

त्या विचारतात की बाकीची तीन कधी कापणार. मी दहा तारीख सांगितली. म्हणाल्या, डबा घेऊन येईन, बघायला.

अप्पांनी उरलेल्या तीन चकत्या उशाखाली ठेवल्या आहेत. पत्ते टेबलावर.

ताई